अफजलखान आंबेनळी घाटातून उतरला नव्हता

दरवर्षी १० नोव्हेंबर जवळ आला की एक छायाचित्र हमखास फिरू लागते. आंबेनळी घाटातले नागमोडी वळण, मागे धुक्यातला प्रतापगड आणि खाली ओळ: याच घाटाने खान आला. छायाचित्र सुंदर असते, ओळ मात्र चुकीची. खान वाईहून निघाला तो महाबळेश्वरच्या पठारावर चढला, रडतोंडीच्या घाटाने कोयनेच्या खोऱ्यात उतरला आणि पार गावाजवळ त्याने तळ दिला. आज आपण ज्या डांबरी रस्त्याने प्रतापगडाला जातो तो रस्ता त्या वेळी अस्तित्वातच नव्हता. तो पूर्ण झाला १८७६ साली, म्हणजे त्या भेटीनंतर तब्बल २१७ वर्षांनी.

एवढ्यावरच थांबायचे असते तर हा धागा लिहिण्याचे कारण नव्हते. चुका दुरुस्त करत बसणे हा आपल्यासारख्या इतिहासवेड्यांचा आवडता उद्योग आहे आणि त्यातून फारसे काही हाती लागत नाही. पण या एका चुकीच्या मागे एक मोठा गैरसमज दडलेला आहे. जुनी वाट होती, ती पुढे रुंद झाली, मग तिच्यावर खडी पडली, मग डांबर पडले, असे आपण रस्त्याबद्दल गृहीत धरतो. सह्याद्रीत पुष्कळदा तसे घडलेले नाही. नवा रस्ता जुन्या वाटेवर बांधला गेला नाही. तो तिच्या शेजारून गेला आणि जुनी वाट ओस पडली. आंबेनळीचा राज्यमार्ग हे त्याचे ठसठशीत उदाहरण आहे. त्याचा इतिहास नीट वाचला तर १६५९ ची लढाई अधिक चांगली कळते आणि आजच्या दरडीही. धागा लांब आहे, वाचकहो, सवडीने वाचा.

प्रथम आजचा मार्ग पाहू. पुणे-सातारा महामार्गावर सुरूरला फाटा फुटतो. तेथून वाई, वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणी, मग पठारावरून महाबळेश्वर. महाबळेश्वर ओलांडल्यावर रस्ता पश्चिमेला उतरू लागतो आणि वाडा-कुंभरोशीला येतो. येथे प्रतापगडाचा फाटा आहे. पुढे आंबेनळीची उतरण सुरू होते ती रायगड जिल्ह्यात पोलादपूरला संपते आणि मुंबई-गोवा महामार्गाला मिळते. सारा मिळून ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरांचा मामला. नकाशावर ही एकच सलग रेघ दिसते, परंतु ती वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या गरजांपोटी झालेल्या रस्त्यांची जोडणी आहे. पसरणीचे नाव निघाले म्हणून जाता जाता सांगतो, शाहीर साबळे याच पसरणीचे.

या रेघेवर एक जागा अशी आहे की जिच्या पूर्वेला पडलेला पाऊस कोयनेतून कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराला जातो आणि पश्चिमेला पडलेला सावित्रीतून बाणकोटच्या खाडीत. रस्ता हा जलविभाजक ओलांडतो. भूगोलाच्या पुस्तकात हे एक वाक्य असते. इतिहासात मात्र जो हा जलविभाजक ओलांडण्याच्या जागा राखतो, तो दोन्हीकडच्या राजकारणात बोलू शकतो.

आता शब्दांकडे वळू, कारण शब्दच येथे पुरावा आहेत. सह्याद्रीत वर-खाली करण्याच्या जागांना घाट हे एकच नाव नाही. नाळ आहे, नळी आहे, खिंड आहे, दार आहे. नाळ किंवा नळी म्हणजे दोन कड्यांमधली अरुंद, दगडगोट्यांनी भरलेली घळ. पावसाळ्यात तिच्यातून पाणी कोसळते आणि उन्हाळ्यात माणसे जातात. आंबेनळी या नावातली नळी चाकाच्या रस्त्याची नाही. ते पायवाटेच्या युगातले नाव आहे. डांबरी रस्त्याने ते नंतर अंगावर घेतले.

पायवाट आणि गाडीरस्ता यांतला फरक रुंदीचा आहे असे आपल्याला वाटते. खरा फरक चढाचा आहे. ओझ्याचा बैल दगडी पायऱ्यांवरूनही चढतो. लमाणांचे तांडे शतकानुशतके मीठ, तांदूळ, नारळ, सुकी मासळी वर नेत आणि गूळ, मिरची, डाळी, तूप खाली आणत ते अशाच वाटांनी. त्यामुळे जुनी वाट डोंगराची सोंड पकडते आणि तिच्या धारेवरून जवळजवळ सरळ वर जाते. सोंडेवर दोन्ही अंगांनी पाणी निघून जाते, वरून माती येत नाही आणि वाट फार खोदावीही लागत नाही. गाडीला मात्र हे चालत नाही. चाकाला सौम्य चढ लागतो, सौम्य चढासाठी लांबी लागते आणि लांबी मिळवायची तर डोंगराच्या कुशीत आडवे खोदत, वळसे घेत जावे लागते. म्हणजे वरच्या उताराचा पायथा कापायचा आणि काढलेला मुरूम खालच्या अंगाला टाकायचा. गाडीरस्ता डोंगराशी जो व्यवहार करतो तो पायवाट कधीच करत नव्हती. हा मुद्दा लक्षात असू द्या, पुढे तो पुन्हा येणार आहे.

जावळीचे मोरे हे आपल्या इतिहासकथनात बहुधा एका वाक्यात येतात आणि त्याच वाक्यात संपतात. चंद्रराव ही त्यांची पदवी. आदिलशाहीच्या छत्राखाली असूनही व्यवहारात ते जवळजवळ स्वतंत्र होते. या स्वातंत्र्याचे रहस्य जावळीच्या घनदाट अरण्यात होते असे सांगतात आणि ते खरेही आहे, पण अपुरे आहे. अरण्य संरक्षण देते, पैसा देत नाही. पैसा येत होता घाटवाटांवरून. महाड त्या काळी सावित्रीच्या खाडीवरचे गजबजलेले बंदर होते. तेथून देशावर चढणारा माल जावळीच्या मुलखातून जाई. पारजवळून जाणारा पार घाट हा त्यांतला प्रमुख. पेठ पार असे त्या गावाचे जुने नाव सांगतात. डोंगराच्या पोटातल्या गावाला पेठ हे बिरूद उगाच लागत नाही. सातारा जिल्ह्याच्या १८८५ सालच्या गॅझेटियरमध्ये नोंद आहे की हा घाट जनावरांना आणि त्या काळच्या तोफखान्याला जाण्याजोगा राखला जाई आणि त्यावर जकातीची ठाणी होती.

१६५६ च्या आरंभी शिवाजी महाराजांनी जावळी घेतली ती या पार्श्वभूमीवर वाचावी. मोऱ्यांचे बंड मोडले, मुलूख वाढला, रायरी हाती आली, हे सगळे आहेच. पण त्याच वेळी देशावरून कोकणात उतरण्याची किल्ली हातात आली. लगोलग भोरप्याच्या डोंगरावर प्रतापगड बांधायला घेतला गेला. त्याची जागा नकाशावर पाहा. गड पार घाटावर डोळा ठेवून उभा आहे. आपण त्याला अफजलखानाच्या वधाचा किल्ला म्हणून ओळखतो, परंतु तो बांधताना खान कोणाच्या ध्यानीमनीही नव्हता. तो घाटाचा पहारेकरी म्हणून जन्मला.

आता १६५९. खानाचा तळ वाईला होता. वाई मोकळ्या मैदानात आहे, तेथे घोडदळ वापरता येते आणि रसदही मिळते. महाराजांनी त्याला जावळीत यायला राजी केले, हे कथानक सर्वांना पाठ आहे. त्यातले मुत्सद्देगिरीचे अंग आपण खूप रंगवतो. रस्त्याचे अंग कोणी रंगवत नाही. सभासदाच्या बखरीत खानाच्या पाडावानंतर हाती लागलेल्या लुटीची मोजदाद आहे. त्यात हत्ती ६५, घोडे ४०००, उंट १२०० असे आकडे येतात. बखरीच्या आकड्यांवर कितपत विसंबावे हा वेगळा वाद आहे. ते निम्मे धरले तरी प्रश्न उरतोच: एवढी जनावरे रडतोंडीने उतरली कशी?

घाटाचे नावच सांगते की चढणाऱ्या-उतरणाऱ्याचे तोंड रडवेले होई. उंट हा सपाटीचा प्राणी. ओले दगड आणि उभा उतार त्याला मानवत नाही. हत्ती उतरतो, पण सावकाश आणि एकामागे एक. असे सैन्य घाटात शिरले की त्याची लांबच लांब ओळ होते. पुढचे टोक पारला पोहोचते तेव्हा मागचे टोक अजून पठारावर असते. ग्रँट डफ लिहितो की महाराजांनी खानाच्या येण्यासाठी जंगल तोडून वाट मोकळी करून दिली आणि बाकीच्या सर्व वाटा बंद केल्या. (हा डफ पुढे साताऱ्याला कंपनीचा रेसिडेंट होता, म्हणजे त्याने हा मुलूख प्रत्यक्ष पाहिलेला होता.) या तपशिलात सगळी युद्धनीती आहे. वाट मोकळी करणे हा पाहुणचार होता आणि सापळाही. येण्याची एकच वाट, आणि तीच परतीची. भेटीच्या दिवशी गडावरून तोफेचा इशारा झाला तेव्हा पारच्या तळावर तुटून पडलेल्या मावळ्यांना शत्रूला घेरण्यासाठी वेगळे कष्ट पडले नाहीत. खोऱ्याने ते काम आधीच केलेले होते.

हे सगळे डोळ्यांसमोर ठेवा आणि मग आंबेनळीतले ते छायाचित्र पुन्हा पाहा. रुंद रस्ता, संरक्षक कठडा, सौम्य वळणे. या रस्त्याने खान आला असता तर त्याला हवे तेव्हा मागे वळता आले असते. चुकीच्या घाटाचे छायाचित्र लावणे म्हणजे नुसता तपशील चुकवणे नाही. त्याने महाराजांच्या योजनेतला कणाच काढून टाकला जातो. योजना भूप्रदेशावर उभी होती आणि आपण तो भूप्रदेशच बदलून टाकतो.

मराठेशाहीचा उरलेला काळ मी येथे ओलांडून जातो. घाट चालत राहिले, जकात चालत राहिली. पुढचे वळण आहे १८१८ नंतरचे.

पेशवाई बुडाली आणि कंपनीने छत्रपती प्रतापसिंहांना साताऱ्याच्या गादीवर बसवले. महाबळेश्वरचे डोंगर त्यांच्या राज्यात होते. इंग्रज अधिकाऱ्यांना तेथली थंड हवा आवडली. १८२८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम तेथे येऊन गेला आणि १८२९ च्या तहाने महाबळेश्वर इंग्रजांकडे गेले. बदल्यात साताऱ्याच्या राजाला खंडाळा हे गाव मिळाले. मालकम पेठ वसली. पण हवेची जागा मिळाली तरी तेथे पोहोचायचे कसे? साताऱ्याहून वर येणारा रस्ता राजाने स्वतःच्या खर्चाने बांधून घेतला होता. कोकणच्या बाजूने, रडतोंडीच्या घाटातून रस्ता करण्याचे काम माल्कमच्या आदेशाने सुरू झाले. इंग्रजी कागदांत रडतोंडीचे रोटुंडा झाले. गोल घुमटाच्या इमारतीला तो शब्द वापरतात. घुमटाचा येथे काही संबंध नाही, साहेबाच्या जिभेला ‘ड’ आणि ‘त’ झेपले नाहीत, इतकेच. जुने कागद वाचताना कोणी रोटुंडा पास शोधत बसू नये म्हणून सांगितले.

मुंबईचा साहेब महाबळेश्वरला कसा येई? पुण्यावरून येण्याचा मार्ग होता, आणि दुसरा होता समुद्राचा: बोटीने बाणकोट, तेथून सावित्रीच्या खाडीतून दासगाव किंवा महाड आणि पुढे पालखीतून घाट. या चढणीचे ओझे कोणाच्या खांद्यांवर होते ते प्रवासवर्णनांत ओझरतेच येते. परिसरातल्या गावांतले भोई आणि हमाल पालख्या, पेटारे, भांडीकुंडी वर चढवत. आपण ज्याला निसर्गरम्य घाट म्हणतो तो काहींच्या रोजंदारीचा होता आणि काहींच्या वेठीचा.

मग चाकाचे युग आले. बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झालेला होता. कऱ्हाडहून चिपळूणला उतरणारा कुंभार्ली घाट १८६४ मध्ये झाला. महाबळेश्वरहून महाडकडे उतरणारा नवा गाडीरस्ता १८७६ मध्ये पूर्ण झाला. १८६७ ते १८७२ या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या सर सेमूर फिट्झगेराल्डचे नाव त्याला मिळाले. फिट्झगेराल्ड घाट, म्हणजेच आपली आंबेनळी.

हा रस्ता आखताना अभियंत्यांनी रडतोंडीही टाळली आणि पार घाटही. चाकाला दोन्ही अशक्य होते. प्रतापगडाच्या दक्षिणेला पार घाट, तर नवा रस्ता गडाच्या उत्तरेच्या अंगाने फिरला. कागदावर हा लहानसा बदल आहे, पण पारसाठी तो निर्णायक होता. ज्या गावाच्या नावात पेठ होती त्या गावावरून माल जाणे थांबले. जकातीचे ठाणे नाही, तांड्यांचे मुक्काम नाहीत, बाजार नाही. जुन्या वाटेशी कोणी वैर केले नव्हते, कोणी ती तोडलीही नाही. माल दुसरीकडून जाऊ लागला, बस्स.

येथे दोन टोकाच्या भूमिका ऐकू येतात आणि मला दोन्ही पटत नाहीत. एक म्हणते, इंग्रजांनी रस्ते बांधले म्हणून आपण सुधारलो. दुसरी म्हणते, इंग्रजांनी जे केले ते केवळ स्वतःच्या थंड हवेसाठी. आंबेनळीच्या बाबतीत हेतू बऱ्याच अंशी थंड हवेचा आणि बंदराचा होता हे नाकारण्यात अर्थ नाही. पण रस्ता एकदा झाला की तो हेतूच्या ताब्यात राहत नाही. त्याच रस्त्याने कोकणातला माणूस वाईच्या बाजाराला गेला. आणि ज्यांनी त्याला स्वतःसाठी बांधले त्यांनीच काही वर्षांत त्याच्याकडे पाठ फिरवली. पुण्याहून दक्षिणेकडे रेल्वे गेली, वाठार स्टेशन झाले, आणि महाबळेश्वरला जाणारे प्रवासी वाठारला उतरून वाई-पाचगणीमार्गे वर येऊ लागले. समुद्रमार्गाचे महत्त्व ओसरले. दासगाव-महाडचे बंदर म्हणून असलेले वैभवही पुढे ओसरत गेले. म्हणजे आंबेनळीने पारला मागे टाकले आणि वाठारने आंबेनळीला. मार्गांच्या इतिहासात विजयाची मुदत फार थोडी असते.

या रस्त्याच्या चरित्रातला एक दिवस मात्र इतिहासप्रेमी तरुणांच्या बोलण्यात फारसा येत नाही, आणि मला त्याचे नवल वाटते. ३० नोव्हेंबर १९५७. प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते होते. महाराष्ट्र राज्य अजून जन्माला आले नव्हते, द्वैभाषिक मुंबई राज्य होते आणि यशवंतराव चव्हाण त्याचे मुख्यमंत्री होते. संयुक्त महाराष्ट्र समितीने काळ्या निशाणांची निदर्शने पुकारली. गडावर जाण्याचा मार्ग हाच असल्यामुळे निदर्शनांची जागाही हाच मार्ग ठरला: देशाच्या अंगाला वाई आणि पसरणीचा घाट, कोकणाच्या अंगाला पोलादपूर. दोन्ही बाजूंनी माणसे लोटली. ज्या समितीचा महाराजांवर पूर्ण अधिकार असल्याचा दावा होता तीच समिती महाराजांच्या पुतळ्याच्या समारंभाच्या वाटेवर निषेधाला उभी, आणि समारंभ करणारे सरकारही महाराजांचेच नाव घेणारे. तीनशे वर्षांपूर्वी या खोऱ्यात वाट कोणाच्या ताब्यात हा प्रश्न होता. त्या दिवशीही तोच होता, फक्त या खेपेला तलवारी नव्हत्या. गडावरचा पुतळा सर्वांनी पाहिलेला असतो. रस्त्यावर उभ्या राहिलेल्या माणसांसाठी कुठे एक पाटीही माझ्या पाहण्यात नाही.

आता आजचा काळ. आज हा रस्ता तीन प्रकारची माणसे वापरतात. शनिवार-रविवारचे पर्यटक आणि माल नेणारी वाहने हे दोन प्रकार सर्वांना दिसतात. तिसरा दिसत नाही: कुंभरोशी, पार, मेटतळे आणि कोयनेच्या खोऱ्यातल्या लहान गावांची माणसे. त्यांच्यासाठी हा पर्यायी मार्ग नाही. दवाखाना, शाळा, बाजार, एसटी, सगळे याच रेघेवर आहे.

ही रेघ दर पावसाळ्यात तुटते. २८ जुलै २०१८ ला दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस याच घाटात दरीत कोसळली. ३१ पैकी ३० जण गेले. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ५९० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. घाट ठिकठिकाणी खचला, दरडी आल्या, वाहतूक बंद पडली आणि वरची गावे एकटी पडली. त्याच दिवसांत पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि सुतारवाडीवर डोंगर उतरला, शेजारच्या महाड तालुक्यात तळीये गाडले गेले. ही गावे घाटरस्त्यामुळे गेली असे मी म्हणत नाही. एवढा पाऊस कोणताही डोंगर पेलत नाही. पण सह्याद्रीचा हा उतार किती नाजूक आहे, ते त्या आठवड्याने दाखवले.

वर सोंड आणि कूस यांतला फरक सांगितला होता तो येथे लावून पाहा. आपला रस्ता कुशीत कापलेला आहे. वरून येणारे प्रत्येक पाणी त्याला आडवे जाते. अशा रस्त्याचा प्राण डांबरात नसतो. तो गटारांत, मोऱ्यांत आणि आधारभिंतींत असतो. घाटरस्ता जगायचा तर पाण्याला रस्त्याखालून वाट द्यावी लागते आणि दर उन्हाळ्यात मोऱ्या साफ कराव्या लागतात. यात उद्घाटन नाही, कोनशिला नाही, म्हणून ते मागे पडते. रुंदीकरणाला कोनशिला असते. आणि कुशीतला रस्ता रुंद करायचा म्हणजे उताराचा पायथा आणखी कापायचा. आंबेनळीसारख्या घाटात सरसकट रुंदीकरणाची मागणी मला चुकीची वाटते. वळणावर गाडीला गाडी सुटेल एवढी जागा, भक्कम कठडे आणि पाण्याची सोय या गोष्टी आधी व्हाव्यात. पर्यटकाची वीस मिनिटे वाचणे आणि मेटतळ्याच्या माणसाचा रस्ता जुलैत शाबूत राहणे यांत निवड करायची तर मी दुसऱ्याच्या बाजूने आहे.

यावर एक ठरलेले उत्तर येते: शिवकालीन वाटा आणि पूल बघा, अजून उभे आहेत, आणि आजचे बघा! पारला कोयनेवर दगडी कमानींचा एक पूल आहे. तो शिवकालीन मानला जातो आणि अजून वापरात आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा इंग्रजी अमदानीतला पूल एसटी गाड्यांसह वाहून गेला तेव्हा अनेकांनी या दोन पुलांची तुलना केली. भावनेला ती पटते, पण तुलना म्हणून ती फसवी आहे. पारची कोयना उगमाजवळची आहे, महाडची सावित्री पुराचे सारे पाणी पोटात घेऊन आलेली आहे. एकावरून गावची ये-जा होते, दुसऱ्यावरून राष्ट्रीय महामार्गाची अवजड वाहने दिवसरात्र जात होती. जुन्या बांधणीचे कौतुक जरूर करावे, पण तिच्याकडून शिकायचे असेल तर जागेची निवड शिकावी. पूल कोठे घातला, पाण्याला किती कमानी दिल्या, खडक कोठे पकडला. जुने ते भक्कम एवढेच शिकून पुढच्या पुलाला उपयोग नाही.

आणखी एक आक्षेप मला माहीत आहे: वाटांचे कसले जतन, गडांचेच होत नाही. बरोबर आहे. पण गड आणि वाट ही वेगळी खाती नाहीत. प्रतापगड पार घाटासाठी बांधला गेला. घाट काढून टाकला तर उरतो तो तटबंदी असलेला एक डोंगर. दरवर्षी लाखभर पायांना गडाच्या पायऱ्या चढवणाऱ्या आपल्या मोहिमांनी एकदा गडावरून दक्षिणेकडे उभे राहून पारचे खोरे पाहावे, रडतोंडीची सोंड ओळखावी. लढाई तेथे झाली, गडावर नाही.

पार आजही शांत आहे. रामवरदायिनीचे मंदिर आहे, तो पूल आहे, आणि गावातल्या जुन्या माणसांना रडतोंडीची वाट माहीत आहे. वाडा-कुंभरोशीला प्रतापगडाकडे नेणारी कमान आणि पाट्या आहेत. तेथूनच पारला जाणारा फाटा आहे. गडाकडे जाणारी बहुतेक वाहने तो न पाहताच पुढे जातात. त्या फाट्यावर खान कोणत्या वाटेने उतरला आणि आपण उभे आहोत तो रस्ता १८७६ चा आहे, एवढे दोन ओळींत सांगणारा फलक लावायला फार खर्च येणार नाही. सातारा जिल्ह्यातल्या ज्या मित्रांना ग्रामपंचायतीकडे किंवा सार्वजनिक बांधकाम खात्याकडे अर्ज लिहायचा असेल त्यांनी कळवावे, मसुदा मी करून देतो.

पुढचा धागा कुंभार्ली घाटावर.